करार मोडला तर

करार मोडणे हे आज बहुधा दिवाणी प्रकरण. मजुराला मात्र एके काळी तुरुंग दिसे. १८५९ च्या कायद्याने उचल घेऊन काम न करणाऱ्याला दंडाधिकारी हुकूम देई. तो न पाळल्यास तीन महिन्यांपर्यंत सक्तमजुरी. मालकाने करार मोडला तर त्याला त्यात शिक्षा नव्हती! १९२५ साली तो कायदा रद्द झाला.

आता व्यवहाराचे बोलू. समजा, मौद्याच्या एका भातगिरणीवाल्याने १०० क्विंटल धान २२०० रुपये दराने ठरविले आणि व्यापाऱ्याने ठरल्या दिवशी ते दिलेच नाही. त्या दिवशीचा बाजारभाव २४००. १८७२ च्या करार कायद्याच्या कलम ७३ प्रमाणे फरकाचे २०,००० रुपये मागता येतात. पण चिडून स्वस्थ बसलात आणि भाव २७०० झाल्यावर ५०,००० मागितलेत, तर न्यायालय विचारील, तेव्हाच दुसरीकडून का घेतले नाही? म्हणून लेखी नोटीस धाडावी, माल दुसरीकडून घ्यावा, पावती जपावी. दावा तीन वर्षांच्या आत लावावा. तोंडी करारही चालतो, पण तो शाबीत कसा करणार? आमच्या हमालांच्या मजुरीचे दावे मी याच ठिकाणी अडलेले पाहिले आहेत.