शेणखताचा ढीग आणि भाताचे शेत

कावेरी नदी समुद्रास मिळण्यापूर्वी अनेक शाखांत विभागते. तिच्या त्रिभुज प्रदेशातील तंजावरचा परिसर भाताचे कोठार म्हणून प्रसिद्ध आहे. पूर्वी पुराचे पाणी येथील शेतांवर सुपीक गाळ पसरवीत असे. 1934 साली मेट्टूर धरण पुरे झाले. पाण्याची शाश्वती वाढली, परंतु गाळाचा मोठा भाग जलाशयातच अडू लागला. त्यामुळे पीक जमिनीतून जी द्रव्ये नेते, ती परत करण्याचा भार खतांवर अधिक पडला.

कापणीनंतर शेतात मेंढ्या बसविण्याची चाल महाराष्ट्राप्रमाणेच येथेही आहे. रामनाथपुरमकडून आलेले कळप रात्री मोकळ्या खाचरांत मुक्काम करतात व त्यांच्या लेंड्या आणि मूत्र जागच्या जागी मातीत मिसळतात. गोठ्यातील शेणाची गोष्ट निराळी. ते उकिरड्यावर उघडे टाकले, तर उन्हाने त्यातील नत्र अमोनिया वायूच्या रूपाने उडून जाते आणि पावसाने विद्राव्य क्षार वाहून जातात. मूत्रात तर नत्राचा मोठा अंश असतो. तो गोठ्याच्या जमिनीतच मुरून वाया जातो.

ही हानी टाळण्याची एक सुव्यवस्थित रीत इंदूर येथे सिद्ध झाली. सर अल्बर्ट हॉवर्ड व यशवंत वाड यांनी तेथील प्रयोगांवर आधारलेले पुस्तक 1931 साली प्रसिद्ध केले. भाताचा पेंढा, पालापाचोळा, शेण, मूत्राने भिजलेली माती आणि थोडी राख यांचे थर एकावर एक रचावयाचे, ही त्या रीतीतील मुख्य गोष्ट होय. पेंढ्यात कर्ब फार व नत्र थोडे; शेणात नत्राचे प्रमाण त्या मानाने अधिक. नत्राच्या एका भागास कर्बाचे 25 ते 30 भाग असे मिश्रण जिवाणूंस मानवते. त्यांच्या कार्याने ढिगाचे तापमान 55 ते 65 अंश सेल्सिअसपर्यंत चढते. ह्या उष्णतेने तणांची बहुतेक बीजे व रोगजंतू नष्ट होतात. ढिगात हवा खेळती राहावी म्हणून तो सुमारे पंधरवड्याने, मग एका महिन्याने व पुन्हा दुसऱ्या महिन्याच्या अखेरीस उलथतात. ओलावा पिळलेल्या फडक्याइतका असावा. सुमारे तीन महिन्यांत काळसर, भुसभुशीत, दुर्गंधरहित खत तयार होते.

त्रिभुज प्रदेशात एक सावधगिरी आवश्यक आहे. ऑक्टोबर ते डिसेंबर ह्या काळात ईशान्य मोसमी पाऊस पडतो व सखल जमिनीत पाणी साचते. अशा वेळी खड्डा भरला, की हवेअभावी खत कुजण्याऐवजी सडते. इंदूरलाही पावसाळ्यात ढीग जमिनीवरच रचीत असत. येथे तो उंचवट्यावर, झावळ्यांच्या छपराखाली रचणे हिताचे. सांबा पिकाची कापणी झाल्यावर फेब्रुवारी-मार्चमध्ये ढीग रचला, तर जूनमध्ये कालव्यांस पाणी येईपर्यंत खत हाती येते. मात्र उन्हाळ्यात त्यावर पाणी शिंपडीत राहावे लागते.

कच्चा पेंढा खाचरात गाडल्यास तो कुजविणारे जिवाणू जमिनीतील नत्र काही काळ स्वतःच वापरतात. रोपे पिवळी पडतात. साचलेल्या पाण्याखाली त्यापासून मिथेन वायूही अधिक निघतो. कुजलेल्या खताने हे दोन्ही दोष कमी होतात. तथापि हजार किलो शेणखतात नत्र सुमारे पाचच किलो असते. म्हणून हिरवळीच्या खताची जोड द्यावी लागते.

गरीब घरी शेण हेच जळणही असते. गोवरी चुलीत गेली, की तिच्यातील नत्र शेतास कायमचे अंतरते. गोबर-वायूच्या संयंत्रात मात्र वायू चुलीस मिळतो व उरलेली रबडी खताच्या ढिगास. जेथे अशी सोय आहे, तेथे चूल आणि शेत यांपैकी एकाची निवड करण्याची पाळी येत नाही.