बाटलीवरचा कागद फाडू नका

ऑक्टोबर छाटणीचे दिवस. रात्री दवाखाना बंद करीत असताना दोघांनी एका तरुण बागाईतदाराला धरून आणले. चेहरा, मान, छाती लालबुंद. छातीत धडधड, उलट्या, रक्तदाब उतरलेला. "डॉक्टरसाहेब, रोजच्याएवढीच घेतली होती हो," चुलता म्हणाला. दिवसभर काय केले, असे विचारले. डोळे फुटावेत म्हणून काड्यांना पेस्टिंग केले होते, तेही उघड्या हातांनी. औषध मागवले, तर ते पाण्याच्या बाटलीत ओतून आणलेले. नाव नाही, कागद नाही!

पेस्टिंगला बहुधा हायड्रोजन सायनामाइड वापरतात. दारूपासून शरीरात जो विषारी पदार्थ तयार होतो, त्याचा निचरा हे रसायन रोखते. दारू सोडविण्यासाठी काही देशांत सायनामाइडच औषध म्हणून देत आले आहेत. यावर खास उतारा नाही; सलाईन लावून रात्रभर लक्ष ठेवावे लागले. फवारणीच्या काही विषांवर ॲट्रोपिन लागू पडते, यावर नाही. म्हणून डॉक्टरला नाव हवे.

वाचकहो, ही माहिती फुकट जमत नाही. युरोपात १ जून २००७ पासून 'रीच' नावाचा कायदा आहे. वर्षाला एक टन किंवा अधिक रसायन बनविणाऱ्या वा आयात करणाऱ्या प्रत्येक कंपनीने हेलसिंकीच्या संस्थेकडे नोंदणी करायची. नियम असा, की एका पदार्थाची नोंदणी एकत्रच. म्हणजे बाजारात एकमेकींच्या वैरिणी असलेल्या कंपन्यांनी इथे मात्र चाचण्यांचे निष्कर्ष आणि खर्च वाटून घ्यायचे. तीच चाचणी पुन्हा मुक्या जनावरांवर करायची नाही. आपल्याकडून माल पाठविणारे कारखानेही तिथल्या प्रतिनिधीमार्फत यात येतात. मग धोकादायक मालाबरोबर सुरक्षेचे माहितीपत्रक गिऱ्हाइकाला द्यावेच लागते.

शेतीच्या औषधांना तिकडे वेगळा कायदा आहे. त्याखाली २००८ साली सायनामाइडला परवानगी नाकारली गेली. आपल्याकडे १९६८ चा कीटकनाशक कायदा आहे. त्यानुसार डब्यासोबतच्या पत्रकात विषबाधेची लक्षणे व उपाय द्यावे लागतात. डब्यावरचा त्रिकोण लाल असेल तर विष सर्वांत जहाल. मग पिवळा, निळा, हिरवा.

एवढा खटाटोप करून माहिती दुकानापर्यंत येते आणि आपण ती पाण्याच्या बाटलीत ओतून पुसून टाकतो.

म्हणून एवढे करा. औषध मूळ डब्यातच ठेवा. पेस्टिंगला रबरी हातमोजे घाला, मजुरांनाही द्या. काम झाल्यावर साबणाने आंघोळ करा. आदल्या दिवसापासून पुढे आठवडाभर दारूला शिवू नका. आणि त्रास झालाच, तर रोग्याबरोबर डबाही दवाखान्यात आणा.

तो तरुण बरा झाला. आठ दिवसांनी भेटायला आला, तेव्हा पिशवीतून त्याने आधी औषधाचा डबा काढून टेबलावर ठेवला. कागदासकट!