गोधडी भिंतीवर गेली, तेव्हा

गोधडी म्हटली की आजी आठवते, ऊब आठवते आणि आपला विचार तिथेच थांबतो. ती शिवताना बाई नेमके काय करते, ते आज पाहू.

जुने नऊवारी लुगडे जमिनीवर अंथरायचे. हलू नये म्हणून कोपऱ्यांवर दगड ठेवायचे. त्यावर विरलेली धोतरे, फाटके सदरे यांचे थर, वर पुन्हा लुगडे. मग कडेने धावदोरा घालत आत आत यायचे, चौकोनात चौकोन. दोरा किंचित ओढला की कापडावर बारीक सुरकुत्या उठतात आणि गोधडीला अंग येते. ठिगळांना मात्र ठरलेले माप नसते. खणाचा तुकडा कुठे, लाल काठ कुठे, हे बाई हातातले कापड पाहून ठरवते. दौंडकडे आमच्या घरांत हिला गुदडी म्हणतात. फकिराचा ठिगळांचा झगाही गुदडीच!

हे जे ठरवणे आहे, त्यालाच चित्रकार रचना म्हणतो. बाईने केले की ते घरकाम होते.

उत्तर कन्नड जिल्ह्यात हल्याळ, यल्लापूर भागातल्या सिद्दी बायका अशीच गोधडी शिवतात. आफ्रिकी वंशाची ही माणसे. त्यांत हिंदू, मुसलमान, ख्रिस्ती सगळे आहेत. गोधडीच्या चारही कोपऱ्यांना त्या कापडाच्या घड्यांची फुले लावतात. फुलांवाचून गोधडी त्यांना उघडी वाटते.

अमेरिकेत अलाबामा राज्यात जीज बेंड नावाची वस्ती आहे. गुलामांच्या वंशातल्या तिथल्या बायका शेतात वापरून झिजलेल्या कपड्यांच्या गोधड्या शिवत. थंडी होती, म्हणून शिवत. २००२ मध्ये त्या गोधड्या आधी ह्यूस्टनच्या आणि मग न्यूयॉर्कच्या संग्रहालयात भिंतीवर लागल्या. २००६ मध्ये त्यांची टपाल तिकिटे निघाली. टाका तोच होता, फक्त गोधडी उभी टांगली आणि लोकांना रंग दिसले. पुढचे कमी सांगितले जाते. २००७ मध्ये त्यांतल्या काही बायकांना पैशांसाठी आणि हक्कांसाठी कोर्टात जावे लागले. पुढच्या वर्षी ते दावे मिटले.

आपल्याकडे मुंबईच्या गीता खंडेलवाल यांनी महाराष्ट्रातल्या गोधड्यांवर २०१३ मध्ये इंग्रजीत पुस्तक केले. त्या स्वतः गोधडी शिवणाऱ्या, त्यामुळे त्यांची नजर टाक्यावर आहे. असे काम मराठीतही व्हायला हवे.

कारण कापड बदलले आहे. सुती लुगडी घरातून गेली, साड्या सिंथेटिक आल्या. त्या सुईखाली सरकतात, घाम टिपत नाहीत. तरी बायका त्यांच्याही गोधड्या शिवतातच, आणि त्यांत रंग भडक, रचना नवी असते. मला त्या कमअस्सल वाटत नाहीत.

शहरातल्या दुकानात आता गोधडी ‘कलाकृती’ म्हणून मिळते. तिच्यावर दुकानाची चिठ्ठी असते, किंमत असते. बाळाच्या दुपट्यावर पुष्कळदा बाळाचे नाव शिवलेले असते. शिवणारीचे नाव मात्र मी अजून एकाही गोधडीवर वाचलेले नाही. कोपऱ्यात चार बोटे जागा असते, आणि धावदोऱ्याने अक्षरे काढणे तिला काही जड नाही.