फूटपाथ आहे, पण चालता येतं का? काळेवाडीतला फूटपाथ मोजायचा तर काय मोजायचं?

रस्त्याच्या कडेला पेव्हर ब्लॉक बसवलेत, कडेचे दगड पिवळे-काळे रंगवलेत, फूटपाथ दिसतोय. तरीही लोक खाली उतरून गाड्यांच्या मधून चालतायत. हे दृश्य पिंपरी-चिंचवडमध्ये नवीन नाही. आपण म्हणतो, "लोकांना शिस्तच नाही."

पण एकदा त्याच फूटपाथवरून सलग पाचशे मीटर चालून बघा. कुठे डीपीचा डबा, कुठे सोसायटीच्या गेटसमोर अचानक खाली गेलेला उतार, कुठे गुडघाभर उंच कडा, कुठे झाकण नसलेलं चेंबर. असं दोन-तीनदा झालं की माणूस चौथ्यांदा वर चढतच नाही.

म्हणजे फूटपाथ असणं आणि फूटपाथवरून चालता येणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. हा फरक मोजण्यासाठी करतात तो फूटपाथचा सर्व्हे. तो कसा करायचा, काय मोजायचं, नियम काय सांगतो आणि मोजून झाल्यावर त्याचं करायचं काय, ते काळेवाडीच्या निमित्ताने समजून घेऊया.

हा विषय एवढा महत्त्वाचा का?

केंद्रीय रस्ते वाहतूक मंत्रालयाच्या अहवालानुसार २०२२ मध्ये देशात रस्ते अपघातांत १ लाख ६८ हजार ४९१ लोकांचा मृत्यू झाला. त्यात ३२ हजार ८२५ जण पायी चालणारे होते. म्हणजे दिवसाला सरासरी ९० माणसं, जी कुठल्याही गाडीत बसलेली नव्हती.

यातल्या प्रत्येक अपघाताचं कारण फूटपाथ होतं असं नाही. पण फूटपाथ मध्येच तुटला की चालणारा माणूस नेमका वाहनांच्या रांगेत उतरतो. धोका तिथे सुरू होतो.

आणि हे झालं उतरू शकणाऱ्यांचं. व्हीलचेअरवरचा माणूस, वॉकर घेऊन चालणाऱ्या आजी, बाबागाडी ढकलणारी आई, पांढरी काठी घेऊन चालणारा अंध माणूस यांना उतरणं-चढणं हा पर्यायच नसतो. त्यांच्यासाठी रस्ता तिथेच संपतो.

काळेवाडीच का?

काळेवाडीच्या एका बाजूला पवना नदी आणि पलीकडे पिंपरी, दुसऱ्या बाजूंना रहाटणी, थेरगाव, वाकड. काळेवाडी फाट्यापासून देहू-आळंदी रस्त्याकडे जाणारा बीआरटीएस मार्ग याच भागातून जातो. पुढे तोच मार्ग एम्पायर इस्टेटच्या उड्डाणपुलावरून नदी, रेल्वे आणि जुना मुंबई-पुणे महामार्ग ओलांडतो. आतल्या बाजूला विजयनगर, नढेनगर, ज्योतिबानगर, पाचपीर चौक अशी दाट वस्ती आहे.

म्हणजे इथे दोन्ही प्रकारचे रस्ते सापडतात. एक मोठा, आखून बांधलेला आणि दुसरा वस्तीबरोबर वाढत गेलेला. सर्व्हे कसा करायचा हे शिकायला असा भाग चांगला.

नियम काय सांगतो?

रस्ते कसे बांधायचे याचे मापदंड इंडियन रोड्स काँग्रेस ही संस्था ठरवते. पादचाऱ्यांसाठीचं तिचं पुस्तक म्हणजे आयआरसी १०३. ते १९८८ मध्ये आलं, २०१२ आणि २०२२ मध्ये त्यात सुधारणा झाली. २०१२ च्या आवृत्तीतले मुख्य आकडे लक्षात ठेवा :

- निवासी भागात चालायला मोकळी रुंदी किमान १.८ मीटर. दोन व्हीलचेअर एकमेकींशेजारून जाऊ शकतील एवढी ही जागा.
- दुकानं आणि घरं एकत्र असलेल्या भागात किमान २.५ मीटर.
- डोक्यावर किमान २.२ मीटर मोकळी उंची. म्हणजे फलक किंवा झाडाची फांदी त्याच्या खाली नको.
- रस्त्यापासून फूटपाथची उंची जास्तीत जास्त १५ सेंटिमीटर. साधारण जिन्याच्या एका पायरीएवढी.
- जिथे रस्ता ओलांडायचा तिथे १:१२ चा उतार. म्हणजे १५ सेंटिमीटर चढायला १.८ मीटर लांबीचा रॅम्प.

इथे "मोकळी" हा शब्द महत्त्वाचा आहे. फूटपाथ दोन मीटर रुंद आहे, पण मध्ये विजेचा खांब आहे आणि बाजूला ७० सेंटिमीटरच उरतात, तर त्या जागी तो फूटपाथ ७० सेंटिमीटरचाच धरायचा.

मापदंडांच्या मागे कायदाही आहे. दिव्यांग व्यक्ती हक्क कायदा २०१६ च्या कलम ४१ मध्ये दिव्यांगांना वापरता येतील असे रस्ते हा विषय स्पष्टपणे येतो. १४ मे २०२५ रोजी सर्वोच्च न्यायालयाने एस. राजसीकरन प्रकरणात सांगितलं की चालण्यायोग्य फूटपाथ मिळणं हा घटनेच्या कलम २१ मधल्या जगण्याच्या हक्काचा भाग आहे. त्याच प्रकरणात ७ ऑक्टोबर २०२५ रोजी न्यायालयाने दहा लाखांवर लोकसंख्येच्या ५० शहरांत पहिल्या टप्प्यात फूटपाथ आणि क्रॉसिंगचं ऑडिट करायला सांगितलं.

मग सर्व्हेत चूक कुठे होते?

बहुतेक वेळा आपण किलोमीटर मोजतो. "या रस्त्यावर ९० टक्के फूटपाथ आहे" हे वाक्य ऐकायला छान वाटतं. एक काल्पनिक उदाहरण घेऊ.

समजा ६०० मीटरचा रस्ता आहे. त्यात ५४० मीटर फूटपाथ आहे, म्हणजे ९० टक्के. उरलेल्या ६० मीटरच्या तुकड्यात फूटपाथच नाही. शिवाय चार जागी अडथळा आहे : एक डीपी, दोन गेटसमोरच्या पायऱ्या, एका ठिकाणी जवळजवळ ठोकलेले बोलार्ड. हे चारही अडथळे मिळून फार तर २० मीटर.

कागदावर हा रस्ता अजूनही उत्तम दिसतो. पण व्हीलचेअरवरच्या माणसासाठी तो पाच जागी तुटलाय. सगळ्यात लांब अखंड तुकडा निघाला समजा १५० मीटरचा. म्हणजे ६०० मीटरच्या रस्त्यावर तो सलग १५० मीटरपेक्षा जास्त जाऊच शकत नाही.

जगभर वापरल्या जाणाऱ्या वॉकॅबिलिटी निर्देशांकांतही ही अडचण आहे. क्लीन एअर एशिया या संस्थेच्या पद्धतीत फूटपाथ, क्रॉसिंग, अडथळे, दिव्यांगांसाठीच्या सोयी, वाहनचालकांचं वागणं अशा नऊ बाबींना गुण देतात आणि सरासरी काढतात. दोन शहरांची तुलना करायला सरासरी बरी. पण चालणारा माणूस सरासरीवरून चालत नाही. साखळी तिच्या सगळ्यात कच्च्या कडीएवढीच मजबूत असते. फूटपाथचंही तेच.

म्हणून सर्व्हेचा मुख्य प्रश्न हा ठेवा : फूटपाथ कुठे कुठे तुटतो आणि दोन तुटींच्या मधला सगळ्यात लांब अखंड टप्पा किती?

प्रत्यक्ष सर्व्हे कसा करायचा?

साहित्य : पाच मीटरची टेप, मोबाईल, कागद-पेन. माणसं : दोन किंवा तीन. एक मोजतो, एक लिहितो, एक फोटो काढतो आणि मागून येणाऱ्या गाड्यांवर लक्ष ठेवतो.

पायरी १ : रस्ता नको, फेरी निवडा. घर ते शाळा, घर ते बसस्टॉप, घर ते दवाखाना, घर ते भाजी मंडई. लोक रस्ता वापरतात तो कुठेतरी पोहोचायला.

पायरी २ : फेरीचे तुकडे पाडा. एका चौकापासून पुढच्या चौकापर्यंत एक तुकडा. रस्त्याच्या डाव्या आणि उजव्या बाजूची वेगळी नोंद. प्रत्येक क्रॉसिंग हा स्वतंत्र तुकडा धरा, कारण बरेच फूटपाथ चौकातच दगा देतात.

पायरी ३ : प्रत्येक तुकड्यात सगळ्यात अरुंद जागा शोधा आणि तीच मोजा. सरासरी रुंदी लिहू नका.

पायरी ४ : प्रत्येक तुटीची नोंद करा. टेप लावलेला फोटो, मोबाईलवरचं लोकेशन, तारीख, वेळ आणि अडथळ्याचा प्रकार.

पायरी ५ : तोच तुकडा दोन वेळा बघा, सकाळी आणि संध्याकाळी सात-आठच्या सुमारास. सकाळी मोकळा असलेला फूटपाथ संध्याकाळी गाड्यांनी भरलेला असू शकतो. अंधार पडल्यावर दिवा फूटपाथवर पडतो की फक्त रस्त्यावर, हेही तेव्हाच कळतं. जमलं तर पावसाळ्यात तिसरी फेरी मारा. पाणी कुठे साचतं ते उन्हाळ्यात दिसत नाही.

पायरी ६ : शक्य असेल तर व्हीलचेअर किंवा काठी वापरणाऱ्या माणसाला सोबत घ्या. कुठली फट चाकाला अडवते हे टेपला कळत नाही.

तीन गोष्टी नीट बघा

गेटसमोरचे उतार : गाडी आत नेता यावी म्हणून प्रत्येक गेटसमोर फूटपाथ खाली उतरवला जातो. मग चालणाऱ्याला दर वीस पावलांवर चढउतार. योग्य पद्धत उलटी आहे. फूटपाथ एकाच पातळीवर सलग ठेवायचा आणि गाडीने छोटा उतार चढून तो ओलांडायचा.

बोलार्ड : दुचाकी फूटपाथवर चढू नये म्हणून ठोकलेले खांब. पण व्हीलचेअर साधारण ६५ ते ७० सेंटिमीटर रुंद असते आणि स्कूटरही जवळपास तेवढीच. व्हीलचेअरला आरामात जायला ९० सेंटिमीटर तरी लागतात. म्हणजे दुचाकी अडेल एवढी फट ठेवली की व्हीलचेअरही अडते. तिथे दुसरा उपाय म्हणजे दंडात्मक कारवाईच लागते.

पिवळ्या खाचांच्या फरशा : या सजावटीसाठी नसतात. जपानमधल्या सेइची मियाके यांनी १९६५ मध्ये त्या तयार केल्या आणि १९६७ मध्ये ओकायामा शहरात पहिल्यांदा बसवल्या. लांब रेघांची फरशी म्हणजे "पुढे चला", ठिपक्यांची म्हणजे "थांबा, पुढे काहीतरी आहे". ही पट्टी थेट झाडावर किंवा खांबावर जाऊन आदळत असेल, तर ती अंध माणसाला चुकीचा रस्ता दाखवते. ही तूट म्हणूनच नोंदवा.

आता तुम्ही म्हणाल, फेरीवाल्यांचं काय?

सर्व्हे म्हटलं की पहिलं बोट हातगाडीकडे जातं. पण नोंद करताना अडथळ्यांचे दोन गट ठेवा. एक हलणारे : हातगाडी, उभी दुचाकी, दुकानाचा फलक. दुसरे पक्के : डीपी, खांब, चेंबर, तुटलेला भाग, उंच कडा. हातगाडी सगळ्यांना दिसते. पक्का अडथळा मात्र चोवीस तास तिथेच असतो आणि तो बहुतेकदा कुठल्यातरी यंत्रणेनेच बसवलेला असतो.

फेरीवाल्यांसाठी २०१४ चा वेगळा कायदा आहे. त्यात त्यांचं सर्वेक्षण, प्रमाणपत्र, नगर पथविक्रेता समिती आणि विक्रीची जागा ठरवणं येतं. दोन्ही हक्क एकाच फूटपाथवर बसवायचे असतील तर आधी मोजमाप हवं. चालायला १.८ मीटर मोकळे सोडून जागा उरते का, हा प्रश्न टेपने सुटतो, वादावादीने नाही.

मोजून झालं, पुढे काय?

"आमच्या भागातले फूटपाथ खराब आहेत" अशी तक्रार केली तर ती कुणाचीच होत नाही. म्हणून एक तूट, एक तक्रार. पिंपरी-चिंचवड महापालिकेत फूटपाथचं बांधकाम स्थापत्य विभाग बघतो, फांद्या उद्यान विभाग, दिवे विद्युत विभाग, ड्रेनेजचं चेंबर जलनिःसारण विभाग. डीपी असेल तर महावितरण. उभ्या गाड्यांसाठी वाहतूक पोलीस. तुमच्या यादीत प्रत्येक तुटीपुढे हे नाव लिहा, अर्धं काम तिथेच होतं.

महापालिकेची "सारथी" हेल्पलाईन २०१३ पासून आहे. तिथे तक्रार नोंदवा आणि क्रमांक जपून ठेवा. यादी घेऊन क्षेत्रीय कार्यालयातही जाता येतं.

माहिती अधिकारात एक प्रश्न जरूर विचारा : या फूटपाथचं काम कधी झालं आणि त्याचा दोष दायित्व कालावधी कधी संपतो? या काळात काम खराब झालं तर ठेकेदाराने स्वखर्चाने दुरुस्त करायचं असतं. नवीन टेंडरची वाट बघावी लागत नाही.

तंत्राची आवड असेल तर हीच माहिती ओपनस्ट्रीटमॅप या खुल्या नकाशावर भरता येते. फूटपाथ आहे का, पृष्ठभाग कसा आहे, कडा उंच की सपाट, खाचांच्या फरशा आहेत का, या सगळ्यासाठी तिथे वेगळ्या नोंदी आहेत. मग ती फक्त तुमच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपमध्ये अडकून राहत नाही.

आधी काय दुरुस्त करायचं?

पैसे आणि वेळ दोन्ही मोजकेच असतात. वरच्या उदाहरणात ६० मीटर नवीन फूटपाथ बांधायला निधी, मंजुरी, टेंडर सगळं लागेल. पण दोन गेटसमोरच्या पायऱ्या काढून उतार करणं आणि एक बोलार्ड हलवणं तुलनेने छोटं काम आहे. अखंड टप्पा सगळ्यात जास्त कशाने वाढतो ते बघून क्रम लावा. शाळा, दवाखाना आणि बसस्टॉपजवळची तूट सगळ्यात वर.

बीआरटीएसच्या रस्त्यावर अजून एक गोष्ट तपासा. तिथे बसथांबा रस्त्याच्या मधोमध असतो. म्हणजे प्रत्येक प्रवाशाला चढताना किंवा उतरताना अर्धा रस्ता ओलांडावाच लागतो. फूटपाथ कितीही गुळगुळीत असला आणि थांब्यापर्यंतचं क्रॉसिंग उंच दुभाजकावर अडत असलं, तर ती फेरी पूर्ण होत नाही.

सुरुवात छोटी ठेवा. एक रविवार, एक टेप, तीन माणसं आणि घरापासून बसस्टॉपपर्यंतचा एक रस्ता. संध्याकाळपर्यंत तुमच्या हातात एक आकडा असेल : या रस्त्यावर व्हीलचेअर सलग किती मीटर जाते. पुढच्या वर्षी तोच रस्ता पुन्हा मोजा. आकडा वाढला तर काम झालं. नाही वाढला, तर नेमकं कुठल्या जागेवर बोट ठेवायचं हे तुम्हाला माहीत असेल.