गाडी लावली की संसार मांडला?

युरोपात घर चाकांवर घेऊन फिरता येतं. पण रात्री ते उभं कुठे करायचं, याचं उत्तर दर बॉर्डरला बदलतं!

मोटरहोम म्हटलं की डोळ्यांसमोर काय येतं? तळ्याकाठी उभी पांढरी गाडी, बाहेर दोन खुर्च्या, हातात कॉफीचा मग आणि समोर आल्प्स. मनात येईल तिथे थांबा, मनात येईल तेव्हा निघा. चेक-आऊटची कटकट नाही, ट्रेन चुकायची भीती नाही आणि स्वत:ची शेगडी असल्यामुळे वरण-भात कधीही! मी, नवरा, माझी मैत्रीण आणि तिचा नवरा अशा चौघांनी म्युनिकला अशी गाडी भाड्याने घेतली. ऑस्ट्रिया, इटली, फ्रान्स, स्वित्झर्लंड करून पंधरा दिवसांनी ती तिथेच परत केली.

कॅलेंडरवरचं ते चित्र अगदी खरं आहे. फक्त त्यातल्या दोन खुर्च्यांकडे नीट बघा. त्या गाडीबाहेर आल्या की तुम्ही ‘पार्किंग’ करत नसता, ‘कॅम्पिंग’ करत असता. आणि या दोन शब्दांमधली रेघ प्रत्येक देशाने आपापल्या जागी ओढलेली आहे.

आधी वजनकाटा

सगळ्या नियमांचा पहिला आकडा ३,५००. माणसं, सामान, पाणी धरून गाडीचं वजन एवढ्या किलोंच्या आत हवं. त्यापुढे जर्मनीच्या ऑटोबानवर १०० चा स्पीड लिमिट लागतो, ऑस्ट्रियात काचेवरच्या स्टिकरऐवजी टोल मोजणारं यंत्र बसवावं लागतं, स्वित्झर्लंडमध्ये जड वाहनांचा वेगळा कर भरावा लागतो. आणि मुख्य म्हणजे, साध्या कारच्या लायसन्सवर ती गाडी चालवताच येत नाही. भाड्याच्या बहुतेक गाड्या या मर्यादेतच बसवलेल्या असतात, पण वर आपण काय काय भरतो? शंभर लिटर पाणी म्हणजेच शंभर किलो. ‘अगं, तांदूळ तिकडेही मिळतात!’ असं मैत्रिणीला पुण्यातच सांगून झालं होतं. तरी पाच किलो आलेच!

जर्मनी : दमलात? मग झोपा

जर्मन माणूस नियमांच्या बाबतीत खडूस, असं आपण ऐकून असतो. इथे तो चक्क मायाळू निघाला! जिथे पार्किंगला परवानगी आहे तिथे दमलेल्या ड्रायव्हरने गाडीतच रात्र काढली तर चालतं. पुन्हा नीट गाडी चालवण्याइतकं ताजंतवानं होणं हा त्यामागचा हेतू. झोपाळलेला ड्रायव्हर रस्त्यावर असण्यापेक्षा गाडीत आडवा झालेला बरा, इतका सरळ हिशोब! पण खुर्च्या बाहेर काढल्या, बाजूचं कापडी छप्पर ओढलं, की ही सवलत संपली. निवांत राहायचं असेल तर अनेक गावांमध्ये ‘श्टेलप्लाट्झ’ असतात. म्हणजे मोटरहोमसाठी राखलेली जागा. बऱ्याच ठिकाणी पाणी भरायची आणि टॉयलेटची टाकी रिकामी करायचीही सोय असते.

टिरोल : इथे नाही

दुसऱ्या रात्री आम्ही ऑस्ट्रियात, इन्सब्रुकच्या अलीकडे होतो. नऊ वाजून गेलेले, नवऱ्याच्या डोळ्यांवर झोप. रस्त्याकडेला मोकळी, छान पार्किंगची जागा दिसली. ‘अरे, इथेच झोपू या ना, सहाला उठून निघू,’ मैत्रिणीचा आग्रह. पण टिरोल प्रांताचा कॅम्पिंगचा स्वतंत्र कायदा आहे आणि कॅम्पसाइटबाहेर कॅम्पिंगला तिथे बंदी. हे आम्ही आधी वाचून ठेवलं होतं. मग तिच्या नवऱ्याने स्टिअरिंग हातात घेतलं आणि वीस मिनिटांवरची कॅम्पसाइट गाठली.

मनात मात्र प्रश्न राहिलाच. आदल्या रात्री ज्या दमण्याला कायदा समजून घेत होता, तेच दमणं बॉर्डर ओलांडल्यावर आमचं आम्ही निस्तरायचं? गाडी चालवायला एकच माणूस असता तर?

सकाळी दुसरी बाजू दिसली. ही दरी अरुंद आहे आणि जर्मनीहून इटलीला जाणारा ट्रकांचा, कारचा लोंढा तिच्यातूनच ब्रेनर खिंडीकडे जातो. हायवे तुंबला की गाड्या गावांतल्या रस्त्यांवर शिरायच्या. शेवटी २०१९ च्या उन्हाळ्यात टिरोलने मोठ्या सुट्ट्यांच्या दिवसांत अशा ‘शॉर्टकट’वर बंदी आणली. ज्यांच्या दारातून अख्खा युरोप समुद्राकडे निघालेला असतो, त्यांनी ‘निदान मुक्काम तरी ठरल्या जागी करा’ म्हटलं तर त्यांचं काय चुकलं?

इटली : चार चाकं आणि बस्स

इटलीने तर वाहतूक कायद्याच्या १८५ व्या कलमात याची व्याख्याच करून टाकली आहे. जिथे पार्किंग चालतं तिथे मोटरहोमचं थांबणं म्हणजे कॅम्पिंग नव्हे. अटी तीन. जमिनीला फक्त चाकं टेकलेली हवीत, म्हणजे गाडी स्थिर ठेवणारे लोखंडी पाय खाली सोडायचे नाहीत. गाडीतून सांडपाणी बाहेर यायला नको. आणि गाडीने स्वत:च्या आकाराबाहेर जागा अडवायची नाही, म्हणजे खुर्च्या आतच! आत बसून तुम्ही पोहे करा नाहीतर पास्ता, कायद्याला देणं-घेणं नाही. पार्किंगचे दर मात्र कारपेक्षा ५० टक्क्यांनी वाढवायची मुभा त्याच कलमात आहे.

इटलीतला खरा व्हिलन म्हणजे झेडटीएल. फ्लोरेन्स, पिसा, सिएना अशा शहरांच्या जुन्या भागात परवानगी नसलेल्या गाड्यांना प्रवेश नाही आणि नजर ठेवायला कॅमेरे आहेत. आम्ही गाडी शहराबाहेर ठेवून बसने आत जायचो. शिवाय मागे सायकली टांगल्या असतील तर लाल-पांढऱ्या तिरक्या पट्ट्यांची, ५० बाय ५० सेंटिमीटरची पाटी हवी.

फ्रान्स : या, बसा!

फ्रान्समध्ये शिरलो आणि सूरच बदलला. गावोगावी मोटरहोमसाठी ‘एर’ म्हणजे थांबे. काही फुकट, काही थोडक्या पैशांत. समुद्रकिनारी आणि संरक्षित जागी मात्र फ्रान्सही कडक आहे. सगळ्यात भन्नाट वाटली ती १९९३ पासून चालू असलेली ‘फ्रान्स पॅशन’ योजना. वर्षाची वर्गणी भरायची, मग शेतकरी आणि वाइनवाले आपल्या आवारात २४ तासांपर्यंत फुकट राहू देतात. काही विकत घेण्याची सक्ती नाही. प्रोव्हान्समध्ये आम्ही द्राक्षमळ्याशेजारी झोपलो आणि सकाळी आपण होऊन चार बाटल्या घेतल्या. नियम न करताही धंदा होतो, तो असा!

शेवटच्या टप्प्यात स्वित्झर्लंड. हायवेसाठी ४० फ्रँकचा पास, दोन दिवसांसाठी घ्या नाहीतर वर्षासाठी, किंमत एकच. मुक्कामाचे नियम प्रत्येक कँटनचे, कधी कधी गावाचेही वेगळे. आम्ही गुपचूप कॅम्पसाइट बुक केली.

परतताना वाटलं, प्रश्न सगळीकडे एकच आहे. रस्ता वाटसरूचा की तिथे राहणाऱ्याचा? जर्मनी दमलेल्या ड्रायव्हरचा विचार करते, टिरोल दरीतल्या गावांचा, इटली मोजपट्टी लावते, फ्रान्स पाहुण्याला गिऱ्हाईक करते. आपल्याकडेही गोव्यात रस्त्याकडेला सिलिंडर मांडून रांधणाऱ्या पर्यटकांविरुद्ध २०१९ मध्ये दंडाची तरतूद करावी लागलीच की. जिथे पाहुणे जास्त, तिथे नियम कडक. आणि ती गर्दी वाढवणारे आपणच असतो.

निघण्याआधी

- आरटीओकडून इंटरनॅशनल ड्रायव्हिंग परमिट घ्या. ते एक वर्ष चालतं. मूळ लायसन्सही सोबत हवंच.
- गाडी कोणकोणत्या देशांत नेता येईल, हे भाड्याच्या करारात तपासा.
- वर सांगितलेल्या पाचही देशांना एकच शेंगेन व्हिसा पुरतो.
- गाडी चालवणारे किमान दोघं असू द्या. टिरोलमध्ये आमची रात्र त्यावरच निभावली.