पाहुणा आणि दहा बाय सोळाची खोली

(आकाशवाणीवरील भाषणाचे संपादित रूप)

आमच्या कोरेगावकडे ‘पाहुणा’ या शब्दाला दोन अर्थ आहेत. घरी आला तो पाहुणा, आणि ज्याच्याशी सोयरीक आहे तोही पाहुणा. ‘ते आमचे पाहुणे लागतात’ असं आपण म्हणतो तेव्हा तो माणूस दारात उभा असायलाच हवा असं नाही. एस.टी. स्टँडवरच्या अनोळखी माणसालाही ‘काय पाव्हणं, कुठलं गाव?’ असंच विचारलं जातं. मुंबईने या शब्दाला तिसरा अर्थ दिला: गावाकडून काहीतरी काम घेऊन आलेला आणि ते काम होईपर्यंत राहणारा माणूस. १९९२ साली लग्न होऊन मी कुर्ल्याच्या एका चाळीत गेले. तिथे चोवीस वर्षं काढली. त्या चोवीस वर्षांत असे पाहुणे किती आले याचा हिशोब मी ठेवला नाही. पण हा तिसरा अर्थ कुठून आला, तो कसा चालायचा, हे मला नीट माहीत आहे. आज त्याविषयीच सांगणार आहे.

मुंबईत कावसजी दावर यांनी कापड गिरणीची कंपनी काढली ती १८५४ साली. दोन वर्षांनी ताडदेवला गिरणी सुरू झाली. गिरण्या वाढल्या तशी माणसं लागू लागली. पहिली आली ती कोकणातून, रत्नागिरीकडून. मग घाट उतरून आमची माणसं गेली, सातारा, पुणे, कोल्हापूरची. घाटावरचे म्हणून ‘घाटी’ हे नाव पडलं, ते पुढे शिवीसारखं वापरलं जाऊ लागलं, तो भाग वेगळा. साताऱ्याचा पूर्वभाग पावसाचा नाही. माण, खटाव आणि आमच्या कोरेगाव तालुक्याचाही काही पट्टा आभाळाकडे बघत बसणारा. घरातला एक मुलगा शेतावर, एक मुंबईला, अशी वाटणीच होती. बायको-पोरं गावाला, दर महिन्याला मनिऑर्डर, शिमग्याला किंवा जत्रेला रजा. अण्णाभाऊ साठ्यांची ‘माझी मैना गावावर राहिली’ ही लावणी ज्या माणसाची आहे, तो हाच माणूस. अण्णाभाऊ स्वतः सांगली जिल्ह्यातल्या वाटेगावचे, लहानपणी वडिलांबरोबर पायी मुंबईला गेलेले.

आता हा एकटा माणूस राहायचा कुठे? तर गावाच्या खोलीत. लालबाग, परळ, चिंचपोकळी, वरळी या पट्ट्यात अशा खोल्या होत्या, मोठी असेल तर तिला ‘गाळा’ म्हणायचे. माझा मामू १९६४ पासून लोअर परळच्या एका गिरणीत होता आणि लालबागच्या अशाच खोलीत राहायचा. खोलीत सव्वीस माणसं. ऐकणाऱ्याला पटत नाही, पण गणित सोपं आहे. गिरणी तीन पाळ्यांत चालायची. पहिल्या पाळीचा माणूस उठून वळकटी गुंडाळतो, त्याच जागेवर रातपाळीवाला येऊन आपली पसरतो. जागा एक, माणसं दोन-तीन. भिंतीला लागून ट्रंकांची रांग, वर दोऱ्या, दोऱ्यांवर कपडे. ट्रंक हेच घर. तिला कुलूप असायचं, खोलीला बहुतेक वेळ नसायचं.

या खोलीत पाहुणा आला की काय होई? मामूच्या खोलीतली पद्धत सांगते. गावचा कुणीही आला तरी त्याला झोपायला जागा द्यायचीच, नात्याचा असो नसो. जागा कुणाची, हे त्या दिवशी कोण कुठल्या पाळीला आहे त्यावर ठरायचं. पावसाळा नसेल तर जुनी माणसं गॅलरीत नाहीतर फूटपाथवर जायची आणि पाहुणा आत. जेवण खानावळीत. महिन्याची खानावळ लावलेली असे. एखाद्या दिवशी जेवला नाही की ‘खाडा’ धरला जायचा. मामू आणि त्याचे सोबती खाडे साठवून ठेवायचे आणि पाहुणा आला की त्याला त्या खाड्यांवर जेवू घालायचे. म्हणजे पाहुण्याच्या ताटाची सोय आधीच उपाशी राहून केलेली असायची. पाहुण्याला हे कळू द्यायचं नाही, हीसुद्धा पद्धतच.

या खानावळी चालवायच्या बायका. पुष्कळदा त्यांचे नवरेच गिरणीत असायचे. पाच-दहा माणसांचा स्वयंपाक, उधारीवर वाणसामान, सावकाराचं व्याज. १९७५ साली प्रेमा पुरव यांनी अशा बायकांना एकत्र करून अन्नपूर्णा महिला मंडळ उभं केलं, त्यांना बँकेचं कर्ज मिळू लागलं. गिरणगावाचा इतिहास लिहिताना संप, मोर्चे, पुढारी सगळे येतात. पण या माणसांना आणि त्यांच्या पाहुण्यांना रोज भाकरी कुणी घातली, हे दोन ओळींत उरकलं जातं. मला ते पटत नाही.

एक गोष्ट मात्र झाकून ठेवायला नको. गावाची खोली म्हणजे सगळ्या गावाची, असं नव्हतं. मामूच्या खोलीत मराठा होते, माळी होते, एक न्हावी होता आणि आम्ही मुसलमान म्हणजे मामू एकटा. रमजानमध्ये सहरीला त्याला उठवायचं काम रातपाळीवरून सुटलेले लोक करायचे, हे तो मोठ्या कौतुकाने सांगायचा. पण त्याच गावचे दलित कामगार या खोलीत नव्हते. त्यांची खोली निराळी, दुसऱ्या चाळीत. गिरणीतही विणकाम खात्यात त्यांना घेत नसत, कारण धोट्यातला धागा तोंडाने ओढावा लागे आणि इतरांना त्यांचा विटाळ वाटे. डॉ. आंबेडकरांनी १९२८ च्या संपाच्या वेळी हा प्रश्न पुढे आणला होता. गाव मुंबईला गेलं ते आपली वेस बरोबर घेऊन.

अशा सोयी फक्त आमच्याच नव्हत्या. गोव्याच्या ख्रिस्ती लोकांचे धोबी तलाव, माझगाव भागात गावोगावचे ‘कूड’ होते, अजूनही काही आहेत. बोटीवर काम करणारे खलाशी दोन सफरींच्या मध्ये तिथे उतरत. तिथेही ट्रंका, कोपऱ्यात वेदी आणि संध्याकाळची प्रार्थना. सांगली जिल्ह्यातल्या खानापूर-आटपाडी भागातले गलाई व्यावसायिक तर भारतभर गेले. सोनं-चांदी गाळण्याच्या धंद्यात पार केरळ, तामिळनाडूपासून दिल्लीपर्यंत विट्याकडची माणसं भेटतात. त्यांच्याकडे गावचा पोरगा पाहुणा म्हणून जातो, दुकानातच झोपतो आणि भट्टीपाशी काम शिकून कारागीर होतो.

आता दिवसांचा प्रश्न. मराठीत म्हण आहे: एक दिवस पाहुणा, दुसऱ्या दिवशी पै, तिसऱ्या दिवशी राही त्याची अक्कल जाई. आमच्याकडेही हदीसचा दाखला देऊन सांगतात की मेहमानी तीन दिवसांची, त्यानंतर यजमान जे करील तो सदका, म्हणजे दानधर्म. दोन्हीकडे आकडा तीनच, याची मला नेहमी गंमत वाटते. बहुधा जगात कुठल्याही घराचं धान्य आणि धीर साधारण तेवढाच पुरत असावा.

पण मुंबईचं काम तीन दिवसांत होत नाही. परळला केईएम हॉस्पिटल १९२६ साली सुरू झालं, टाटा मेमोरियल १९४१ साली. दोन्ही गिरणगावाच्या ऐन मध्यावर. त्यामुळे गावचा पेशंट आणि गावची खोली यांच्यात चालत जायचं अंतर होतं. कॅन्सरचे किरणोपचार, ज्याला आपल्याकडे ‘शेक’ म्हणतात, ते आठवड्यातून पाच दिवस असे पाच-सहा, कधी सात आठवडे चालतात. रोजचं काम काही मिनिटांचं. त्यासाठी पेशंटला दाखल करून घेत नाहीत, बहुतेकांना बाहेरून यावं लागतं. म्हणजे दीड-दोन महिने मुंबईत राहायचं. कुठे? लॉज परवडत नाही. दादरला गाडगे महाराजांच्या नावाची धर्मशाळा आहे, परळला नाना पालकर स्मृती समिती आहे. त्यांनी हजारो लोकांना आसरा दिला, पण जागेला मर्यादा असतेच. टाटाच्या बाहेर फूटपाथवर प्लास्टिक अंथरून बसलेली कुटुंबं ज्यांनी पाहिली असतील त्यांना अधिक सांगायला नको.

१८ जानेवारी १९८२ ला गिरणी कामगारांचा संप सुरू झाला. सुमारे अडीच लाख कामगार. पुढे काय झालं ते आपल्याला माहीत आहे. मामू ट्रंक घेऊन गावी आला. गाळे ओस पडले, काही विकले गेले. नोकऱ्या गेल्या हे सगळ्यांनी मोजलं. गावाचा मुंबईतला मुक्काम गेला, हे कुणी मोजलं नाही. तो भार मग सरकला तो आमच्यासारख्यांच्या बिऱ्हाडावर, कुर्ला, घाटकोपर, कांजूरमार्गच्या खोल्यांवर. आणि तिथे खानावळवाली नव्हती. तिथे घरची बाई होती.

आमची खोली दहा बाय सोळा होती. कोपऱ्यात मोरी, वर पोटमाळा, संडास मजल्याच्या टोकाला. आम्ही, मुलं आणि सासू. पाहुणा पुरुष असेल तर मी, सासू आणि मुली पोटमाळ्यावर. बाई असेल तर हे आणि मुलगा गॅलरीत. पाणी पहाटे साडेचारला. पाहुण्याला पहिल्या लोकलने टाटाला जायचं असेल तर तीनला उठायचं. सासरचे एक चुलते साडेसहा आठवडे राहिले. त्यांना गिळता येत नव्हतं, म्हणून त्यांच्यासाठी पातळ पेज निराळी. ते माझ्या हातची पेज प्यायले आणि गावी जाऊन म्हणाले, ‘पुतण्याने फार केलं.’ गावात पाहुणचाराचं नाव पुरुषाच्या नावावर लागतं, सात-बाऱ्यासारखं. राग म्हणून सांगत नाही. पद्धत सांगते आहे. त्यांच्या बायकोला मात्र ठाऊक होतं. ती पुढे दर वर्षी माझ्यासाठी वाघ्या घेवड्याची पिशवी वेगळी पाठवायची, वर माझं नाव घालून.

वाघ्या घेवडा म्हणजे आमच्या कोरेगाव तालुक्याचं पीक, दाण्यावर वाघासारखे पट्टे, आता त्याला भौगोलिक मानांकनही आहे. पाहुण्याच्या पिशवीत तो असायचाच. शिवाय ज्वारी, शेंगा, आलं, गूळ, साताऱ्याचे कंदी पेढे. कुणी याला भेट म्हणतात. मी त्याला शिधा म्हणते. रिकाम्या हाताने आलेल्याला आम्ही परत पाठवलं असतं असं नाही, पण पिशवी आणणाऱ्याची मान जरा ताठ असते आणि दोन महिने राहायचं तर ती ताठ राहिलेलीच बरी.

सगळेच पाहुणे आजारी नसत. पोलीस भरतीची पोरं यायची, पहाटे चाळीसमोर धावायची आणि ढीगभर चपात्या खायची. सुट्टीत भाचरं यायची. त्यांना राणीची बाग, गेटवे, चौपाटी आणि हाजीअली. हाजीअलीचा रस्ता भरतीला पाण्याखाली जातो, म्हणून ओहोटीची वेळ बघून निघावं लागायचं. गावाकडच्या पोरांना समुद्र दिवसातून दोनदा मागे जातो, हेच सगळ्यात मोठं नवल.

आता आमची पोरं पुण्यात, दुबईत, अमेरिकेत आहेत. माझा भाचा दुबईत ‘बेडस्पेस’वर राहतो, म्हणजे एका खोलीतला एक पलंग भाड्याने. त्याने ते सांगितल्यावर मामूच्या वळकटीची आठवण मला सांगावी लागली नाही, त्यानेच काढली. फरक एवढाच की तिथे पाहुण्यालाही व्हिसा लागतो आणि त्यावर दिवस लिहिलेले असतात, तीस किंवा साठ. अमेरिकेत बाळंतपणाला गेलेल्या आईला सहसा सहा महिने राहता येतं. तिला पाहुणी म्हणावं की कामाला गेलेली म्हणावं, हे प्रत्येक घराने आपापलं ठरवावं.

मुंबईतल्या जुन्या खोल्यांचं आता नवं बांधकाम चालू आहे. बी.डी.डी. चाळींचंच बघा. वरळी, नायगाव, ना. म. जोशी मार्ग आणि शिवडी मिळून २०७ इमारती, १९२० च्या दशकात बांधलेल्या, एकेक खोली १६० चौरस फुटांची. ऑगस्ट २०२५ मध्ये वरळीच्या ५५६ कुटुंबांना ५०० चौरस फुटांच्या घरांच्या चाव्या मिळाल्या. आनंदाचीच गोष्ट आहे. घरातच संडास आणि चोवीस तास पाणी याची किंमत मला कुणी शिकवायला नको.

अडचण आहे ती गावाच्या खोल्यांची. खोली वापरायची सारं गाव, वर्गणी काढायची सारं गाव, पण भाडेपावती एकाच माणसाच्या नावावर. त्या काळी कुणालातरी नाव लावावं लागायचं, म्हणून त्यातल्या त्यात लिहिता-वाचता येणाऱ्याचं लावलं. आज पुनर्विकासात घर मिळणार ते पावतीवरच्या नावाला, म्हणजे त्याच्या वारसांना. कायद्याने त्यांचं चुकत नाही. गावाकडे कागद म्हणाल तर वर्गणीच्या वह्या आहेत, त्यात सही कमी आणि अंगठे जास्त. कुणी म्हणतं पैसे घेऊन मोकळं व्हा, कुणी म्हणतं निदान एक खोली पेशंटसाठी ठेवा. मामूच्या खोलीबद्दल वारस आणि गावकी यांच्या दोन बैठका झाल्या. वारसांतली थोरली सून परळच्याच हॉस्पिटलात नर्स आहे. एक खोली पेशंटसाठी ठेवायला तिची ना नाही, पण चावी कुणाकडे राहणार आणि झाडणार कोण, हे आधी लिहून द्या असं ती म्हणते. तिसरी बैठक जत्रेला धरली आहे.