सर्वेक्षण खात्यातील कार्यकाल-नोंद

शासकीय सर्वेक्षण व नकाशा खात्यांतील मोजणीदार, गणक, आरेखक, यंत्रचालक इ. तांत्रिक कर्मचाऱ्यांचा वेळ कोणत्या कामावर किती खर्च होतो याची पद्धतशीर नोंद ठेवण्याची आणि तिच्या आधारे कामाची गती, खर्च व आवश्यक कर्मचारी-संख्या ठरविण्याची रीत. कारखान्यांतील कार्यमापनाशी तिचे जवळचे नाते असले, तरी तिचा उगम त्याहून जुना आहे. नकाशा पुरा होण्यास अनेक वर्षे लागतात. पैसा मात्र शासनाकडे दरवर्षी मागावा लागतो. अपुऱ्या नकाशावर किती काम झाले, हे आकड्यांत सांगण्याची गरज या खात्यांना त्यामुळे प्रारंभापासूनच भासत आली.

नकाशा ही एका माणसाची कृती नव्हे. प्रथम त्रिकोणमितीय पद्धतीने दूरदूरच्या बिंदूंची स्थाने निश्चित होतात. नंतर त्यांच्या आधारे तपशिलाची मोजणी होते. पुढे गणित, आरेखन, नावांची तपासणी व छपाई असे टप्पे येतात. प्रत्येक टप्प्यावरील कामाचे एकक वेगळे असते. मोजणीदाराचे काम चौ. किमी. मध्ये, उंची काढणाऱ्याचे रेषीय किमी. मध्ये, तर आरेखकाचे नकाशाच्या तक्त्यात मोजतात. या सर्वांना समान असे एकच माप उरते, ते म्हणजे वेळ. म्हणून ‘मनुष्य-दिन’ हे एकक रूढ झाले. परंतु दोन मनुष्य-दिन सारखे नसतात, आणि या विषयातील बहुतेक वाद तेथूनच उद्‌भवतात. १ : ५०,००० प्रमाणावरील भारतीय स्थलवर्णनात्मक नकाशाचा एक तक्ता अक्षांश व रेखांश यांच्या प्रत्येकी १५ मिनिटांचा असून महाराष्ट्रात तो सु. ७०० चौ. किमी. हून थोडा अधिक प्रदेश व्यापतो. सोलापूरकडील उघड्या माळावरचा तक्ता आणि सह्याद्रीच्या घाटमाथ्यावरचा तक्ता यांचे क्षेत्र जवळजवळ सारखे. श्रम मात्र कित्येक पटींनी भिन्न. दाट वस्तीचा सपाट प्रदेशही सोपा नसतो. तेथे डोंगर नसले, तरी रस्ते, पाट, विहिरी, देवळे व वाड्या यांची गर्दी असते.

इतिहास : विल्यम लॅम्टन याने १० एप्रिल १८०२ रोजी मद्रासजवळ सेंट टॉमस माउंटच्या परिसरात आधाररेषा मोजण्यास आरंभ केला. सु. १२ किमी. लांबीची ही रेषा माणूस तीन तासांत चालून जाईल. १०० फुटी पोलादी साखळी ४०० वेळा मांडून ती मोजण्यास ५७ दिवस लागले. दर दिवशी किती फूट मोजले, एवढ्यावरून पाहिल्यास हे काम अत्यंत संथ ठरेल. परंतु पुढे चार दशके चाललेल्या त्रिकोण-मालिकेचा सारा भार याच रेषेवर होता. लॅम्टन स्वतः या कामावर असतानाच २० जानेवारी १८२३ रोजी हिंगणघाट (सध्याच्या वर्धा जिल्ह्यात) येथे मरण पावला. त्याच्यानंतर जॉर्ज एव्हरेस्ट याने गंगेच्या सपाट खोऱ्यातून मालिका नेली, तेव्हा प्रत्यक्ष कोन घेण्यापेक्षा उंच मनोरे बांधणे, दृष्टिरेषेत येणारी झाडे तोडणे आणि धुरकट हवा निवळण्याची वाट पाहणे यांतच बराच काळ जाई. हिवतापाने माणसे अंथरुणास खिळत ते दिवस वेगळेच. निरीक्षणाच्या वहीत यांतले काहीच दिसत नाही.

गणिताचा वेळ तर आणखी दृष्टीआड राहतो. या सर्वेक्षणात महत्त्वाचे प्रत्येक गणित दोन गणकांनी एकमेकांस न दाखविता स्वतंत्रपणे करावयाचे व मग उत्तरे ताडून पाहावयाची, अशी शिस्त होती. काटकसरीच्या दृष्टीने पाहता यातील निम्मे श्रम अनावश्यक ठरतील. शास्त्राच्या दृष्टीने तेच कामाचे तारण होते. हिमालयातील ‘शिखर १५’ ची निरीक्षणे १८४९-५० मध्ये झाली; त्याची उंची २९,००२ फूट असल्याचे मात्र १८५६ साली जाहीर करण्यात आले. मधल्या वर्षांत प्रकाशाचे वक्रीभवन व इतर दोष यांचे हिशेब चालू होते. या गणनकार्याशी राधानाथ सिकदार यांचे नाव निगडित आहे. त्याच शिखरास पुढे एव्हरेस्टचे नाव देण्यात आले.

एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात भारतीय सर्वेक्षण खात्याच्या वार्षिक अहवालांतून प्रत्येक तुकडीने किती चौरस मैल काम केले आणि दर चौरस मैलास किती खर्च आला, याची कोष्टके नियमितपणे येऊ लागली. सर्वेक्षणाचे वर्ष १ ऑक्टोबर ते ३० सप्टेंबर असे धरण्यात येई. कारण पाऊस संपताच तुकड्या मैदानात उतरत आणि उन्हाळ्यात मुख्य ठाण्यावर परतून पावसाळाभर आरेखन व गणित करीत. अशा कोष्टकांचा एक परिणाम असा की, तुकड्यांची परस्परांशी तुलना आपोआप होऊ लागली. त्यामुळे जंगल, ताप, मजुरांची टंचाई व प्रदेशाचे दुर्गमत्व यांची स्पष्टीकरणे आकड्यांइतकीच जागा व्यापू लागली. ती सबबी म्हणून वाचण्याचा मोह होतो. वस्तुतः त्यांवाचून आकड्यांना फारसा अर्थ नाही. १९०४-०५ च्या सर्वेक्षण समितीने सबंध देशाचे एक इंच = एक मैल या प्रमाणावर नव्याने रंगीत नकाशे करण्याची शिफारस केली. हे काम सु. २५ वर्षांत पुरे होईल अशी अपेक्षा होती. परंतु पहिले महायुद्ध व नंतरची खर्चकपात यांमुळे ते मुदतीत पुरे झाले नाही. गतीचे अंदाज बांधताना कर्मचारी जागेवर राहतील हे गृहीतच धरलेले असते.

मापनाचे प्रमाण बदलले, की जुने आकडे तुलनेस निरुपयोगी होतात. भारताने दशमान पद्धती स्वीकारल्यावर एक इंची नकाशांऐवजी १ : ५०,००० प्रमाणाचे नकाशे होऊ लागले. तोच भूप्रदेश नव्या नकाशात कागदाची सु. १·६ पट जागा व्यापतो व तितकाच अधिक तपशील मागतो. अशा वेळी दर दिवसाचे चौ. किमी. घटले, म्हणजे कर्मचारी आळसावले असा निष्कर्ष काढणे चुकीचे ठरते.

गती आणि सत्यता : केवळ वेगावर लक्ष ठेवल्यास काय होते, याचा धडा महाराष्ट्रातच मिळाला. १८२० च्या दशकात रॉबर्ट कीथ प्रिंगल याच्या देखरेखीखाली दख्खनमधील जमिनींची मोजणी झाली. कागदोपत्री ती विस्तृत व तपशीलवार होती. परंतु हाताखालच्या नोकरवर्गावर पुरेसा वचक नव्हता. मोजण्या चुकीच्या निघाल्या, लाचलुचपतीच्या तक्रारी झाल्या आणि त्यांवर आधारलेला सारा रयतेला असह्य झाला. शेतकरी जमिनी टाकून गेले. १८३५ पासून इंदापूर तालुक्यात गोल्डस्मिड व विंगेट यांनी नव्याने काम हाती घेतले, तेव्हा मोजणीदाराने केलेल्या कामाचा काही भाग वरिष्ठाने स्वतः पुन्हा मोजून पाहण्यावर भर देण्यात आला. शेताचे क्षेत्र एकर व गुंठ्यांत निघे. ३३ फुटी साखळीच्या चौरसाचा एक गुंठा व ४० गुंठ्यांचा एक एकर हे त्या मोजणीचे गणित मराठी शेतकऱ्याच्या बोलण्यात आजही टिकून आहे.

स्थलवर्णनात्मक सर्वेक्षणात अशा तपासणीस ‘पडताळ’ हाच शब्द इंग्रजी अमदानीतही रूढ होता. अधिकारी मोजणीदाराच्या क्षेत्रातून एक रेषा आखून चालत जाई आणि वाटेत येणारे नाले, पायवाटा व समोच्च रेषा प्लेन टेबलावरील रेखनाशी जुळतात की नाही हे पाही. यास वेळ लागतो आणि त्या वेळात नवे क्षेत्र मुळीच वाढत नाही. निष्पत्तीच्या तक्त्यात पडताळ म्हणजे निव्वळ खर्च होय. म्हणून काम मागे पडले, की पहिली कात्री तेथेच लावण्याची प्रवृत्ती दिसते. दरीच्या तळाशी न उतरता वरूनच ओहोळाचे वळण अंदाजाने काढणे मोजणीदारास सहज शक्य असते. त्याचा दिवस वाचतो, नकाशा स्वच्छ दिसतो आणि चूक उघडकीस येते ती बऱ्याच वर्षांनी, तेथे धरण किंवा रस्ता आखताना.

नोंदीची पद्धती : नोंदीचे मूळ साधन म्हणजे कर्मचाऱ्याची दैनंदिनी. तीत दिवसाचे काम, ठिकाण व झालेली प्रगती लिहिली जाते. तिच्यावरून तुकडीचे मासिक प्रगतिपत्रक व त्यावरून वार्षिक हिशेब होतो. चांगल्या नोंदीत वेळेचे निदान चार वाटे वेगळे राखावे लागतात : प्रत्यक्ष तांत्रिक काम; त्यास आवश्यक अशी तयारी (उपकरणांची तपासणी, छावणी हलविणे, प्रवास); तपासणी व दुरुस्ती; आणि हवामान, आजार, परवानगीची प्रतीक्षा इ. कारणांनी गेलेला वेळ. हे वाटे एकत्र केले, तर काय होते ते उदाहरणाने पाहता येईल. समजा, एका मोजणीदाराने १५० दिवसांच्या हंगामात २०० चौ. किमी. क्षेत्र पुरे केले आणि त्यांपैकी ५० दिवस प्रवास, पाऊस व प्रतीक्षा यांत गेले. सबंध हंगामावरून त्याची गती दररोज १·३३ चौ. किमी. येते, प्रत्यक्ष कामाच्या दिवसांवरून ती २ चौ. किमी. होते. दोन्ही आकडे खरे आहेत. पहिला पुढील वर्षाचे अंदाजपत्रक करण्यास उपयोगी, तर दुसरा माणसाची कुवत जोखण्यास. त्यांची अदलाबदल झाली, की एकतर मोजणीदारावर अन्याय होतो किंवा अशक्य योजना आखली जाते.

अमेरिकेत एफ्. डब्ल्यू. टेलर (१८५६–१९१५) याने विरामघड्याळ घेऊन कामगारांच्या हालचाली मोजण्याचे तंत्र पुढे आणले. १९११ साली वॉटरटाउन येथील शासकीय शस्त्रागारात ते लागू करताच ओतकामाच्या कामगारांनी काम थांबविले. १९१५ पासून १९४९ पर्यंत अशा घड्याळी मोजणीसाठी पैसा खर्च करण्यास तेथील विधिमंडळाने शासकीय विभागांना मनाई केली होती. नकाशाकामास हे तंत्र तसेही फारसे लागू पडत नाही. रेषा कोरणे, अक्षरे मांडणे यांसारखी पुनरावृत्तीची कामे घड्याळाने मोजता येतात. गावाच्या नावाची चौकशी मात्र मोजता येत नाही. पाटील, तलाठी, शाळामास्तर व गुराखी यांच्याकडून एकाच टेकडीची तीन नावे ऐकून त्यांतले नकाशावर घालावयाचे कोणते, हे ठरविण्यास अर्धा दिवस लागतो. न ठरविता एखादे लिहून टाकण्यास अर्धे मिनिट.

भारतात शासकीय कार्यालयांतील कामाची मानके व कर्मचारी-संख्या ठरविण्यासाठी केंद्रीय अर्थ मंत्रालयात १९६४ साली कर्मचारी तपासणी पथक स्थापन झाले. शास्त्रीय व तांत्रिक संस्था त्याच्या थेट कक्षेबाहेर ठेवण्यात आल्या. त्यांच्यासाठी खातेप्रमुखाने नेमलेल्या समितीत पथकाचा प्रतिनिधी घेण्याची तरतूद आहे. तांत्रिक श्रमांचे माप त्या तंत्राच्या जाणकारांवाचून ठरू नये, हे तत्त्व यात मान्य झालेले दिसते.

नवी साधने : हवाई छायाचित्रणामुळे मैदानातील बराच वेळ कार्यालयात आला. एकमेकांवर सु. ६० टक्के येणाऱ्या छायाचित्रांच्या जोडीतून जमिनीचा त्रिमितीय आभास निर्माण करून यंत्रचालक समोच्च रेषा काढू लागला आणि अशी प्रत्येक जोडी कामाचे नवे एकक बनली. संगणकाच्या आगमनानंतर नोंद आपोआप होऊ लागली. कोणी किती वेळ पडद्यासमोर होता व त्याने किती रेषा अंकित केल्या, हे यंत्रच सांगते. विचार करण्यात गेलेला वेळ आणि रिकामा वेळ यांत मात्र यंत्रास फरक करता येत नाही.

गावठाणांच्या मोजणीसाठी ड्रोनचा वापर महाराष्ट्रात पुणे जिल्ह्यातील पुरंदर तालुक्यातील सोनोरी येथे प्रयोगादाखल करण्यात आला आणि २४ एप्रिल २०२० रोजी आरंभिलेल्या स्वामित्व योजनेत तो देशभर पसरला. उड्डाण अल्पावधीत आटोपते. पण त्यापूर्वी प्रत्येक मिळकतीची हद्द फक्कीने आखून घ्यावी लागते व त्यानंतर जागेवर जाऊन नकाशा पडताळावा लागतो. भाऊबंदकीचा वाद असेल, तेथे फक्कीची एक रेघ ओढण्यास ड्रोनच्या सर्व उड्डाणांहून अधिक वेळ लागतो.

राज्याच्या भूमी अभिलेख विभागातील भूकरमापकाच्या कामातही हीच अडचण आढळते. त्याचे काम दरमहा निकाली काढलेल्या मोजणी-प्रकरणांच्या संख्येवर जोखले जाते, आणि अर्जदाराने भरावयाचे शुल्क मोजणीच्या निकडीनुसार कमी-अधिक असते. उपग्रहाधारित उपकरणांनी प्रत्यक्ष मोजणीचा वेळ पुष्कळ घटविला आहे. नोटिसा बजावूनही लगतचा खातेदार हजर राहिला नाही, शेतात ऊस उभा असला किंवा हद्दीची जुनी निशाणी नांगराखाली नाहीशी झाली असली, तर भूकरमापक दिवस घालवून परत येतो. अशा दिवशी प्रकरण निकाली निघत नाही. जुना नकाशा मिळविण्यात, तो जागेशी ताडून पाहण्यात आणि दोन्ही पक्षांचे म्हणणे ऐकून घेण्यात गेलेला वेळ मासिक पत्रकात उतरत नाही.